मानपाड्याच्या फ्रँकीवाल्यांना: अकरा जण का गेले?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ फ्रँकी-बर्गरचं दुकान, सकाळी ११ ते रात्री १२. सहा माणसं लागतात. पगार १३,०००, दोन वेळचं जेवण, महिन्याला दोन सुट्ट्या. दिवसाचा धंदा २२,०००च्या आसपास. आठ महिन्यांत अकरा जण सोडून गेले. आता गावाकडून पोरं आणावीत, मशीन घ्यावं की पगार वाढवावा, असं तुम्ही विचारलंय. पगाराबद्दल पुढे तुम्हीच लिहिलंय की अमेरिकेत वाढवले तेव्हा बर्गर महाग झाले, इथे दहा रुपये वाढवले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाईल. आणि शेवटी एक वाक्य आहे, "आजकालच्या पोरांना कामच नकोय." हे वाक्य मीही सहा-सात वर्षं म्हणत होते, म्हणून तिथूनच सुरू करते.

आधी माझ्याबद्दल. २००४ साली वाशीत एका चेनच्या दुकानात काउंटरवर लागले, ताशी पगारावर. फ्रायर, ग्रिल, ड्राय स्टोअर, सगळं करून शिफ्ट मॅनेजर झाले, मग दुकान सांभाळलं. २०१३ पासून स्वतःचा धंदा आहे, ऐरोलीत एक आणि घणसोलीत एक. रोल, बर्गर, फ्राइज, थोडं चायनीज. दोन्हीकडे मिळून सतरा माणसं. म्हणजे पगार घेणारी मी होते आणि देणारीही आहे.

पोरांना काम नकोय म्हणता, तर आज रात्री अकराला पाऊस असताना दुकानाच्या दारात उभे राहा. मेट्रोचे खांब, खड्डे, कंटेनर यांच्यामधून रेनकोट घालून तुमचीच ऑर्डर न्यायला जो येतो, तो कुठला आहे ते विचारा. लोकमान्य नगर, कळवा, मुंब्रा, दिवा. तुमच्या तव्यावर उभी राहणारी पोरंही तिथलीच होती. ती पोरं कामच करताहेत. फक्त तुमच्याकडे करत नाहीत.

का, ते बघायला एक कागद घ्या. तुमचा माणूस बारा तास भरतो, महिन्याचे २८ दिवस. झाले ३३६ तास. १३,०००ला त्याने भागा. तासाला ३९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तुमची चीज फ्रँकी १३०ला आहे म्हणता, म्हणजे एका फ्रँकीच्या पैशासाठी तो जवळजवळ साडेतीन तास तव्यासमोर उभा असतो. हा हिशेब त्याने कागदावर केलेला नसतो, पण पायांना कळतो. आपल्याकडे कायद्याने आठवड्याचे तास ४८, आणि त्यावरच्या तासाला दुप्पट दर. तुमचा आठवडा ८४ तासांचा भरतो. वरचे ३६ तास दुप्पट धरले तर १२० तासांचा पगार निघाला पाहिजे. तुमच्या आकाराच्या दुकानाला नेमकी कुठली कलमं लागतात ते सीएला किंवा लेबर लायसन्स करून देणाऱ्याला विचारा, पण हॉटेलकामाचं किमान वेतन माणसं कमी आहेत म्हणून माफ होत नाही. आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. दोन वर्षांपूर्वीचा आकडा भिंतीवर लावून बसू नका.

हा झाला कायदा. पोरगं मात्र कायदा मोडला म्हणून सोडून जात नाही.

माझ्याकडे एक जण होता. दिव्याहून यायचा, रोलच्या तव्यावर त्याच्याइतका हात कुणाचा चालत नव्हता. एका जुलैत रात्री गाड्या बंद पडल्या, तो आणि अजून दोघं दुकानातच पुठ्ठे अंथरून झोपले. सकाळी मी आले आणि पहिलं काय म्हटलं असेल, तर "शटर अर्धं उघडं का ठेवलं?" महिन्याभरात त्याने सोडलं. वर्षाने तोच माझ्या काउंटरवर पार्सल न्यायला आला, डिलिव्हरी ॲपचा टी-शर्ट घालून. गर्दी नव्हती, मी चहा दिला आणि हिशेब विचारला. त्याने सांगितला, अगदी पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, मोबाइलच्या रिचार्जसकट. सगळं वजा जाता माझ्याकडच्या पगारापेक्षा महिन्याला दोन-अडीच हजार जास्त सुटत होते. त्यातही गाडी घसरून एकदा आठवडा घरी बसला होता, ते धरलं तर फरक आणखी कमी. म्हटलं, मग एवढ्यासाठी गेलास? म्हणाला, "मॅडम, पैसे दर आठवड्याला येतात. घरी कधी जायचं ते मी ठरवतो. आणि तिकडे 'अरे ए' म्हणणारं कुणी नाही."

हे तीन मुद्दे मी बिलाच्या मागे लिहून ठेवले होते. तेव्हापासून माझं मत असं झालंय की आपली स्पर्धा शेजारच्या शोरमावाल्याशी नाही. स्पर्धा बाइकशी आहे, आणि आता त्या दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्यांच्या गोदामांशी, भिवंडीच्या वेअरहाउसशी. माझ्या बाजूला विमानतळाच्या कामांचीही भर पडली आहे. तिथे काम हलकं नाही. पण तिथे काम किती वाजता संपणार हे माहीत असतं.

आता तुमच्या धंद्याचा हिशेब. २२,००० रोज म्हणजे महिन्याला ६ लाख ६० हजार. पगार जातो ७८,०००, म्हणजे धंद्याच्या १२ टक्क्यांच्या आत. माझ्याकडे जेवण आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) धरून हा आकडा १८ ते २२ टक्के असतो. तुम्ही म्हणाल, मग तुमचं भागतं कसं? भागतं, कारण माझी माणसं टिकतात. नवीन माणूस महाग असतो. २०१६ साली मी वर्षभर एक वही ठेवली होती. नव्या पोराच्या पहिल्या पंधरा दिवसांत जळलेला माल, चुकलेल्या ऑर्डरींचे परत गेलेले पैसे, एजंटचे पैसे, टी-शर्ट-टोपी, आणि त्याला शिकवताना जुन्या माणसाचा गेलेला वेळ. माणशी सहा-साडेसहा हजार निघत होते, आणि ते २०१६चे. तुमचे अकरा जण गेले. साडेसहा हजारांनीच धरले तरी ७१,५००, म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या आसपास तुम्ही आजही भरताय. फक्त ते पगाराच्या रकान्यात दिसत नाहीत, तेल, चीज आणि खराब रेटिंगमध्ये दिसतात.

मग काय करायचं? नुसता पगार वाढवू नका. आधी तास कापा.

सहा माणसं बारा तास म्हणजे दिवसाला ७२ माणूस-तास. तुमचं बिलिंग मशीन तासवार विक्री दाखवतं, तो रिपोर्ट काढा. मी पैज लावते की दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी सात ते अकरा यातच सगळा धंदा आहे. साडेतीन ते सहा तुमची चार पोरं मोबाइल बघत उभी असतात, तुम्हाला त्याचा राग येतो, तुम्ही त्यांना फरशी पुसायला लावता. त्या तासांचे पैसेही तुम्ही देताय आणि शिव्याही तुम्हीच खाताय.

माझ्या पद्धतीने तुमचा रोस्टर असा बसेल. सकाळी दहा ते चार दोन बायका: कांदा, कोबी, चटण्या, पोळ्या अर्ध्या भाजून ठेवणं आणि दुपारचं पॅकिंग. चार पूर्ण वेळ माणसं, मधली तासाभराची विश्रांती धरून नऊ-नऊ तास, त्यातला एक अकराला येणारा, तिघं अडीचला. आणि सात ते अकरा दोन कॉलेजची मुलं, एक पॅकिंगला, एक बिलिंगला. एकूण ५६ तास झाले, आणि संध्याकाळच्या गर्दीला पाच-सहा माणसं, म्हणजे जवळजवळ आजच्याइतकीच. पूर्ण वेळवाल्यांना १७,०००, आठवड्याला एक सुट्टी. बायकांना सहा तासांचे ११,०००. पार्ट टाइम मुलांना ७,३००. तासाचा दर सगळ्यांचा सत्तरच्या वर राहील असा मुद्दाम धरलाय. बायका आहेत म्हणून स्वस्तात मिळतील ही समजूत काढून टाका. मानपाड्याच्या टॉवरमध्ये दोन घरची कामं घेतली की त्यांना काय मिळतं ते त्यांना नीट माहीत आहे. एकूण पगार १,०४,६००. आजच्यापेक्षा २६,६०० जास्त. साप्ताहिक सुट्ट्यांच्या दिवशी एखादा बदलीवाला लागेल, ते थोडे वेगळे.

दिवसाला तुमच्या सव्वाशे ते दीडशे ऑर्डरी असणार. २६,६०० त्यावर पसरले तर ऑर्डरमागे साडेसहा रुपये. गळतीचे नऊ हजार पुढे अर्धे जरी वाचले तरी पाच-साडेपाच. तुम्ही अमेरिकेचं म्हणालात, ते खरं आहे. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या चेनमधल्या कामगाराला तासाला किमान २० डॉलर ठरले आणि चेनवाल्यांनी किमती वाढवल्या. पण तिथे सगळ्या मोठ्या चेनना एकाच दिवशी, एकाच आकड्यावर जावं लागलं. तुमचा प्रश्न १३० ची फ्रँकी १३७ करण्याचा आहे. आणि खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत तेल आणि चीज वाढलं तेव्हा तुम्ही किमती वाढवल्याच असतील. तेव्हा गिऱ्हाईक गेलं का?

शेवटची लोकल हा मात्र पगाराहून मोठा मुद्दा आहे, निदान आपल्या भागात. तुमचं दुकान बाराला बंद होतं म्हणजे भांडी, फ्रायर, गल्ला मिटवून पोरगं साडेबाराला बाहेर पडतं. बस संपलेली. शेअर रिक्षा भरायला तीन माणसं हवीत. मीटरने जायचं तर बारानंतर सव्वापट भाडं. ठाणे स्टेशनला पोहोचला तर पुढे कळवा-मुंब्रा-दिव्याला गाडी आहे की प्लॅटफॉर्मवर बसायचं, हे नशिबावर. आणि सकाळी साडेदहाला परत हजेरी. असं तीन महिने करून बघा म्हणजे कळेल.

चेनमध्ये आम्हाला एक गोष्ट चांगली शिकवली होती, प्री-क्लोजिंग. रात्रीची गर्दी ओसरायला लागली की साडेनऊ-दहालाच एक फ्रायर बंद, त्याचं तेल गाळून घेतलं, भांड्यांची पहिली खेप घासून ठेवली. बंद करायच्या वेळी फक्त एक फ्रायर आणि तवा उरतो. माझी शेवटची ऑर्डर अकराला, सव्वाअकराला शटर. अकरानंतरचा माझा धंदा बारा हिश्शांत एक हिस्सा होता, तो सोडला. तुमच्याकडे रात्रीच्या ऑर्डरी जास्त असतील, घोडबंदरला असतात, तर मग उशिराच्या शिफ्टला चालत घरी जाऊ शकतील अशीच दोन माणसं ठेवा, नाहीतर रिक्षाचे पैसे रोखीने द्या, त्याच रात्री. बायकांना साडेनऊनंतर थांबवायचं असेल तर त्यांची संमती आणि घरी सोडण्याची सोय, दोन्ही कायद्यानेच लागतं. मी थांबवतच नाही.

यावरूनच पुढचं: माणूस शोधताना मी आता पहिला प्रश्न विचारते, राहतोस कुठे? अनुभव नंतर. रोल करायला दहा दिवसांत शिकवता येतं, दिव्याचं घर ऐरोलीला आणता येत नाही. चितळसर, आझाद नगर, कोलशेत, तिथल्या किराणावाल्यांकडे, बालवाडीच्या बाईंकडे सांगून ठेवा. एजंटपेक्षा चांगली माणसं येतात.

मी केलेल्या चुकाही सांगते, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही. एकही खाडा न करणाऱ्याला दीड हजार जादा, अशी योजना लावली होती. दुसऱ्याच महिन्यात एक जण डोळे आलेले असताना चष्मा लावून कामावर आला आणि आठवड्यात पाच जणांचे डोळे लाल. बंद केली. नंतर पगाराचा काही भाग अडकवून ठेवायचा प्रयत्न केला, म्हणजे न सांगता पळून जाणार नाहीत. उलट झालं. ज्यांचे पैसे अडकले ते इकडेतिकडे बोलले आणि घणसोली गावठाणातून सहा महिने माझ्याकडे कुणी विचारायला आलं नाही. टिकलं ते एवढंच: दर सोमवारी आठवड्याचा पगार बँकेत. पहिल्या दोन महिन्यांत दोघं तिघं सोमवारी पैसे घेऊन गायब झाले, नाही असं नाही. पण उचल मागणं जवळजवळ संपलं, आणि उचलीवरून होणारी भांडणंही. पुढच्या आठवड्याचा रोस्टर गुरुवारी संध्याकाळी फ्रीजवर लागतो आणि त्यानंतर मी तो बदलत नाही, माझ्या घरचं लग्न असलं तरी. आणि 'अरे ए' बंद. हे सगळ्यात कठीण गेलं, खास करून माझ्या नवऱ्याला.

गावाकडून पोरं आणण्याबद्दल. मी दोनदा आणली, एकदा रत्नागिरीकडची, एकदा उत्तर प्रदेशची. काम दोघांचंही उत्तम. पण खोली तुम्हाला द्यावी लागते, तिचं भाडं, डिपॉझिट, पाणी, गॅस, आणि रात्री दोघांत मारामारी झाली की फोन तुम्हालाच. त्यात ती वस्तादाच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या, शब्दावर आलेली असतात. वस्ताद रुसला की एका सकाळी सगळं किचन रिकामं. कोकणातली गणपतीला जाणार, तिकडची होळीला आणि छठला, आणि जायलाच हवं, आपण नाही जात का? सहाच्या सहा एका गावची ठेवू नका एवढंच म्हणेन. दोन बाहेरगावची, बाकी चालत येणारी, हे मला जमलं. आणि आधार कार्ड नीट बघा. अठरा पूर्ण नसलेलं पोर 'भाचा आहे, हाताखाली राहील' म्हणून पाठवतात. ते तापलेल्या तेलाशेजारी उभं करू नका.

मशीनचं उत्तर सोपं आहे. ज्या कामावरून माणसं सोडून जातात त्याचं मशीन घ्या. ऑर्डर घेणारा टचस्क्रीन नको, काउंटरवर उभं राहायला कुणाचीच ना नसते. माणसं जातात ती कांद्यावरून, भांड्यांवरून आणि फ्रायर घासण्यावरून. भाजी कापायचं साधं मशीन आणि चांगल्या प्रेशरचा गरम पाण्याचा नळ, एवढ्यावर माझ्याकडची रोजची कुरकुर निम्मी झाली. आणि एक्झॉस्ट. मे महिन्यात तुमच्या तव्यासमोर तुम्ही वीस मिनिटं उभे राहा, बाकी मी काही सांगत नाही.

आता हे सगळं कुठे लागू होणार नाही तेही सांगायला हवं. तुमचं भाडं मला माहीत नाही. धंद्याच्या वीस टक्क्यांच्या वर भाडं जात असेल तर वरचे २६,६०० कुठून आणणार, हा प्रश्न पगाराचा नसून गाळ्याचा आहे. मॉलच्या फूड कोर्टात असता तर तास तुमच्या हातात नसते. ऑर्डरी बहुतेक ॲपवरून येत असतील तर कमिशन आणि ऑफर धरून हिशेब वेगळा मांडा, तिथे साडेसहा रुपयेसुद्धा जड होऊ शकतात. तशा वेळी मी आधी मेन्यू कापेन. बेचाळीस पदार्थांना सहा माणसं लागतात, अठरा पदार्थांना साडेचार पुरतात. आणि माणसं वाढवताना एक ध्यानात ठेवा: दहा झाली की ईएसआयसी लागू, २१,०००पर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचे तुमचे सव्वातीन टक्के आणि त्याचे पाऊण टक्का. वीसला पीएफ. पार्ट टाइमवालेही मोजले जातात. ईएसआयसीला घाबरू नका. १७,०००वर तुमचे साडेपाचशे रुपये जातात, आणि पोराच्या बायकोचं बाळंतपण, आईचं औषधपाणी त्यात होतं. माझ्याकडची तीन माणसं आठ वर्षांच्या वर आहेत, त्यातल्या दोघांनी मला हेच कारण सांगितलंय.

हे सगळं एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त तासवार विक्रीचा रिपोर्ट आणि रोस्टर. दुसऱ्यात शेवटची ऑर्डर अलीकडे आणा. पगार पुढच्या महिन्यापासून, आणि जे आज तुमच्याकडे आहेत त्यांचा आधी वाढवा. नव्याला १७ आणि जुन्याला १३ असं केलंत तर उरलेलेही जातील.

आणि त्याच्याही आधी एक काम. त्या अकरा जणांपैकी सगळ्यात जास्त दिवस राहिलेला कोण, त्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. फोन करा. परत ये म्हणू नका, नुसतं विचारा, का सोडलंस. त्याचे चार-दोन दिवसांचे पैसे राहिले असतील तर फोन करण्याआधी पाठवून द्या. तो काय म्हणाला ते इथे लिहा, मग मानपाड्याचा रोस्टर नीट बसवता येईल. मी वर जो मांडलाय तो ऐरोलीच्या लोकलच्या वेळांवर बेतलेला आहे.